जुन्या सोसायटीच्या जागी नवी घरे : पुनर्विकासाला प्रथमच सामोरे जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

मुंबई, ठाणे आणि पुण्याच्या जुन्या वस्त्यांमध्ये घर बांधण्यासाठी मोकळी जमीन जवळपास उरलेलीच नाही, त्यामुळे तेथे नवी घरे उभी राहतात ती बहुतेक जुन्या घरांच्याच जागी. तीस-चाळीस वर्षांपूर्वी बांधलेल्या तीन-चार मजली सोसायट्या आता या टप्प्यावर आल्या आहेत आणि त्यांच्या कार्यकारी समितीत बसलेली माणसे बहुधा नोकरदार, निवृत्त किंवा गृहिणी असतात, ज्यांनी बांधकामाचा करारनामा आयुष्यात कधी पाहिलेला नसतो. हा लेख त्यांच्यासाठी आहे. येथे विचार केला आहे तो नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्थेचा. पागडीच्या उपकरप्राप्त इमारती आणि झोपडपट्टी पुनर्वसन यांचे मार्ग, नियम व कार्यालये वेगळी आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवावी. सदस्य जोपर्यंत आपल्या घरात राहत आहेत, तोपर्यंत वाटाघाटींत सोसायटीचा शब्द वजनदार असतो. घरे रिकामी झाली की ते वजन पुष्कळसे विकासकाकडे जाते. म्हणून पुढे सांगितलेल्या बहुतेक सगळ्या पायऱ्या घरे रिकामी करण्यापूर्वीच्या आहेत आणि त्यांना वर्ष-दीड वर्ष लागले, तरी तो वेळ वाया गेला असे मुळीच समजू नये.

पहिली पायरी : इमारत पाडणे आवश्यक आहे का, हे ठरवणे

गच्ची गळते, सज्जाचे प्लास्टर निखळते, खांबांना उभ्या भेगा पडतात, एवढ्यावरून इमारत पाडावी असे ठरत नाही. उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी करून घ्यायची असते. ती झालेली नसेल, तर आधी तीच करावी. महापालिकेच्या यादीवरील संरचना अभियंता नेमून त्याच्याकडून केवळ डोळ्यांनी पाहून दिलेला अहवाल घेऊ नये. काँक्रीटची ताकद अजमावणारी रिबाउंड हॅमर व अल्ट्रासॉनिक चाचणी, सळ्यांचा गंज तपासणारी हाफ सेल चाचणी आणि आवश्यक तेथे काँक्रीटचे गाभे काढून केलेली चाचणी, यांचे आकडे अहवालात असले पाहिजेत. मुंबईत या तपासणीनंतर इमारतीचे वर्ग पडतात. सी-१ म्हणजे राहण्यास धोकादायक आणि तातडीने रिकामी करून पाडण्यायोग्य, सी-२अ व सी-२ब म्हणजे मोठ्या दुरुस्तीची गरज असलेली, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची.

सी-१ वर्ग आल्यास वाटाघाटींना निवांतपणा राहत नाही. सी-२ वर्गात मात्र सोसायटीला खरी निवड करता येते. मोठी दुरुस्ती करून दहा-पंधरा वर्षे काढायची की आताच पुनर्विकास करायचा, याची दोन्ही बाजूंची अंदाजपत्रके सर्वसाधारण सभेपुढे ठेवावीत. विकासक मिळावा म्हणून इमारत आहे त्याहून वाईट दाखवणारा अहवाल मिळवण्याचा मोह काहींना होतो. तो टाळावा, कारण त्याच अहवालाच्या आधारे उद्या महापालिकेची नोटीस आली, तर तयारी नसताना घरे सोडावी लागतील.

दुसरी पायरी : जमिनीचे आणि सदस्यत्वाचे कागद

पुनर्विकास रखडण्याचे सर्वांत मोठे कारण बहुतेक सोसायट्यांच्या कपाटातच पडून असते. जमीन अजून मूळ बिल्डरच्या किंवा जमीनमालकाच्या नावावर असते आणि सोसायटीकडे मालकीचा कागदच नसतो. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी हक्क सदनिका अधिनियमानुसार बिल्डरने जमिनीचे अभिहस्तांतरण करून द्यायचे असते. त्याने ते टाळले असेल, तर त्याच कायद्याच्या कलम ११ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या डीम्ड कन्व्हेयन्ससाठी, अर्ज करता येतो. आदेश मिळाला की काम संपले असे समजून पुष्कळ सोसायट्या थांबतात. त्या दस्ताची नोंदणी करून मालमत्ता पत्रकावर सोसायटीचे नाव लागेपर्यंत काम पूर्ण झालेले नसते.

मालमत्ता पत्रक हातात आल्यावर त्यावरील क्षेत्रफळ आणि जागेवरचे क्षेत्रफळ जुळते का, ते पाहावे. परवानाधारक सर्वेक्षकाकडून टोटल स्टेशन या मोजणी यंत्राने मोजणी करून घेतल्यास कुंपणाच्या आत-बाहेर नेमके काय आहे, हे दिसून येते. शेजारच्या इमारतीची भिंत आपल्या हद्दीत आलेली असते, विकास आराखड्यातील रस्तारुंदीकरणाची रेषा आवाराच्या कोपऱ्यातून गेलेली असते, किंवा मूळ मंजूर नकाशात दाखवलेली मोकळी जागा आता दुसऱ्याच्या ताब्यात असते. हे सगळे निविदेनंतर कळले, तर विकासक आपला देकार कमी करतो आणि त्यात त्याची चूक नसते.

जमीन कोणत्या प्रकारची आहे, हेही याच वेळी पाहावे. म्हाडाच्या वसाहतीत म्हाडाचे, नवी मुंबईत सिडकोचे आणि शासनाने भोगवटादार वर्ग २ म्हणून दिलेल्या जमिनीवर जिल्हाधिकाऱ्यांचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते व त्यासाठी शुल्कही भरावे लागते. विमानतळाजवळ उंचीची मर्यादा असते, समुद्र व खाडीलगत किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागतात, संरक्षण खात्याच्या आस्थापनांच्या शेजारी त्यांचे निर्बंध असतात. यांपैकी एखादी मर्यादा असेल, तर कागदावर मिळणारे क्षेत्र प्रत्यक्षात बांधता येईलच असे नाही.

सदस्यांचे कागद त्या मानाने सोपे, पण संख्येने पुष्कळ असतात. भागदाखले, सदनिकांचे नोंदणीकृत करार, सदस्यांची आय व जे नमुन्यांतील नोंदवही, बँकांचा बोजा हे सर्व तपासून घ्यावे. मृत सदस्यांच्या वारसांचे प्रश्न आधी सोडवावेत. वडील वारले, नामनिर्देशन थोरल्या मुलाच्या नावे आहे आणि बहिणींना हिस्सा हवा आहे, अशी किमान एक सदनिका प्रत्येक इमारतीत निघतेच. नामनिर्देशित व्यक्ती केवळ विश्वस्त असते, मालक होत नाही, हे त्या कुटुंबाला शांतपणे आणि वेळेवर सांगणे हेही समितीचे काम आहे.

तिसरी पायरी : सभा आणि तिचा कायदेशीर पाया

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ७९(अ) खाली शासनाने पुनर्विकासाची कार्यपद्धती ठरवून दिली आहे. आधी ३ जानेवारी २००९ चा निर्देश होता. त्याची जागा ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने घेतली. त्याची प्रत प्रत्येक समिती सदस्याने स्वतः वाचावी. दुसऱ्याने सांगितलेल्या गोषवाऱ्यावर विसंबू नये. एकूण सदस्यांपैकी किमान एक पंचमांश सदस्यांनी लेखी मागणी केल्यावर विशेष सर्वसाधारण सभेची प्रक्रिया सुरू होते. सभेची सूचना चौदा दिवस आधी द्यावी लागते, एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश गणपूर्ती लागते आणि ठरावाला एकूण सदस्यांच्या ५१ टक्के संमती लागते. ही टक्केवारी सभेला हजर असलेल्यांची नसून सगळ्या सदस्यांची आहे. विकासक निवडीच्या सभेला निबंधकांचा प्राधिकृत अधिकारी उपस्थित असावा लागतो आणि सभेचे चित्रीकरण करावे लागते.

या निर्देशांचे स्वरूप मार्गदर्शक आहे, किरकोळ त्रुटीमुळे बहुमताचा निर्णय रद्द होत नाही, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने अनेक प्रकरणांत घेतली आहे. त्याचा अर्थ कार्यपद्धती सोडून द्यावी असा मुळीच नाही. पुढे कोणी न्यायालयात गेले, तर सोसायटीच्या बाजूने बोलतील ते सूचनेच्या पोचा, उपस्थितीच्या सह्या, इतिवृत्त आणि चित्रीकरण. इतिवृत्तात विरोधी मतही नावासह नोंदवावे. विरोध करणाऱ्या सदस्याला आपले म्हणणे नोंदले गेल्याचे दिसले की पुष्कळदा त्याचा विरोध प्रश्न विचारण्यापुरता उरतो, आणि असे प्रश्न सोसायटीच्या फायद्याचेच असतात.

चौथी पायरी : सल्लागार, मोजमाप आणि मूळ हिशेब

प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार किंवा वास्तुविशारद सोसायटीने स्वतः नेमावा आणि त्याचे शुल्क सोसायटीनेच द्यावे. विकासक शुल्क देणार असेल, तर सल्लागार कोणाच्या बाजूचा, हा प्रश्न कायम राहतो. वकिलाचेही तेच. या दोघांवर सुरुवातीला होणारा खर्च सदस्यांना जड वाटतो, पण संपूर्ण प्रकल्पात सोसायटीच्या हिताचा विचार करण्यासाठी पगार घेणारी माणसे तीच असतात.

सल्लागाराचे पहिले काम प्रत्येक सदनिकेचे मोजमाप. येथे टेप घेऊन घरोघरी जाणाऱ्या माणसाबरोबर समितीतील एकाने आणि त्या घरातील एकाने उभे राहावे, आणि मोजमापाच्या कागदावर सदस्याची सही लगेच घ्यावी. कारण 'कार्पेट' या शब्दाची व्याख्या बदललेली आहे. जुन्या पद्धतीत भिंतीच्या आतल्या बाजूपासून आतल्या बाजूपर्यंत मोजलेली फरशी म्हणजे कार्पेट. आतल्या भिंतींची जाडी त्यात येत नसे. रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमनाच्या, कायद्यातील व्याख्येत सदनिकेच्या आतल्या आडभिंतींनी व्यापलेली जागाही धरली जाते, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी मात्र वगळल्या जातात. दोन खोल्यांच्या घरात आतल्या भिंतींची एकूण लांबी बारा मीटर आणि प्लास्टरसह जाडी पंधरा सेंटिमीटर धरली, तर त्या भिंतींखाली १.८ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १९ चौरस फूट जागा जाते. जुने घर जुन्या पद्धतीने मोजले आणि नवे घर रेरा पद्धतीने देऊ केले, तर 'वाढीव' क्षेत्रातले हे १९ फूट पाय ठेवायला मिळत नाहीत. दोन्ही घरे एकाच व्याख्येने मोजावीत आणि ती व्याख्या निविदेतच लिहावी.

त्यानंतर येतो व्यवहार्यता अहवाल. हा भाग तांत्रिक म्हणून सदस्य सोडून देतात, पण त्यातील मूळ गणित शाळेतल्या गुणाकारापलीकडचे नाही, आणि ज्याला ते कळले त्याला कोणताही देकार पारखता येतो. मुंबई उपनगरातील एक कल्पित भूखंड घेऊ. क्षेत्र १००० चौरस मीटर, सदनिका ३०, त्यांचे एकूण बांधीव क्षेत्र १५०० चौरस मीटर. मुंबईच्या २०३४ च्या विकास नियंत्रण नियमावलीत उपनगरासाठी मूळ चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येते तो आकडा, १ आहे; अधिमूल्य, म्हणजे वाढीव बांधकामासाठीचे शुल्क, भरून मिळणारा आणि हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे दुसऱ्या जागेवरचा बांधकामाचा हक्क किंवा टीडीआर, विकत घेऊन मिळणारा भाग त्यावर चढतो, आणि हा भाग किती असावा ते समोरच्या रस्त्याच्या रुंदीवरून ठरते. रस्ता ९ ते १२ मीटर असेल, तर एकूण निर्देशांक २ पर्यंत जातो. १८ ते २७ मीटर असेल, तर २.४ पर्यंत. त्यावर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे अधिकचे पूरक, क्षेत्र.

आता अरुंद रस्त्यावरचा हिशेब पाहा. १००० गुणिले २ म्हणजे २०००, त्यात ३५ टक्के मिळवून २७०० चौरस मीटर. सदस्यांना २५ टक्के वाढीव क्षेत्र द्यायचे ठरले, तर १५०० चे १८७५ झाले. विक्रीसाठी उरले ८२५. हाच भूखंड रुंद रस्त्यावर असता, तर २४०० अधिक ३५ टक्के म्हणजे ३२४० चौरस मीटर आणि विक्रीसाठी १३६५. पहिल्या ठिकाणी विक्रीच्या प्रत्येक चौरस मीटरने जवळपास ३.३ चौरस मीटर बांधकामाचा खर्च उचलायचा आहे, दुसऱ्या ठिकाणी फक्त २.४ चा. बांधकामाखेरीज अधिमूल्य, टीडीआरची किंमत, सदस्यांचे दोन-तीन वर्षांचे घरभाडे, कॉर्पस म्हणजे विकासकाने द्यायची एकरकमी रक्कम, व्याज आणि विकासकाचा नफा, हे सगळे त्याच विक्रीतून निघते. आता समजा, अरुंद रस्त्यावरच्या सोसायटीला एखाद्याने ४० टक्के वाढीव क्षेत्र देऊ केले. सदस्यांचे क्षेत्र २१०० होते, विक्रीला ६०० उरतात आणि प्रत्येक विक्रीयोग्य मीटरवर साडेचार मीटरचा भार येतो. त्या भागातील विक्रीचा दर हा भार पेलत नसेल, तर असा देकार देणाऱ्याने एकतर हिशेब केलेला नाही किंवा प्रकल्प अर्ध्यावर सोडण्याची त्याची तयारी आहे. शेजारच्या सोसायटीला चाळीस टक्के मिळाले म्हणून आम्हालाही तेवढेच हवेत, हा आग्रह धरण्यापूर्वी त्या सोसायटीसमोरचा रस्ता मोजून यावा.

हा ढोबळ हिशेब आहे. तीस वर्षांहून जुन्या अधिकृत सोसायट्यांना नियम ३३(७)(ब) खाली अस्तित्वातील बांधीव क्षेत्राच्या १५ टक्के किंवा प्रत्येक सदनिकेमागे १० चौरस मीटर, यांपैकी जे जास्त असेल ते वाढीव क्षेत्र मिळू शकते, आणि म्हाडा वसाहतींना नियम ३३(५) लागू होतो. मुंबईबाहेरच्या बहुतेक शहरांसाठी २०२० मधील एकत्रीकृत नियमावली आहे, तिचे आकडे वेगळे आहेत. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल, तर एकट्या सोसायटीचे गणित बहुधा जमत नाही आणि शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांनी भूखंड एकत्र करण्याचा विचार करणे शहाणपणाचे ठरते. त्यात नकाशे चांगले होतात, वाहनतळ सुटसुटीत होतो. अडचण असते ती माणसांची मने जुळवण्याची.

पाचवी पायरी : विकासक की स्वयंपुनर्विकास

स्वयंपुनर्विकासात सोसायटी स्वतः कर्ज काढते, कंत्राटदार नेमते, जादा सदनिका स्वतः विकते आणि विकासकाला गेला असता तो नफा सदस्यांमध्ये राहतो. शासनाने १३ सप्टेंबर २०१९ च्या निर्णयाने अशा सोसायट्यांना वाढीव चटई क्षेत्र आणि अधिमूल्यात सवलती देऊ केल्या, आणि मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने त्यासाठी कर्जयोजना आणली. माझ्या मते ज्या सोसायटीची जमीन निर्वेध तिच्या नावावर आहे, सदस्यसंख्या आटोक्यात आहे आणि ज्यांच्यात हिशेब, बांधकाम व कायदा यांपैकी किमान दोन विषय जाणणारी, वेळ देऊ शकणारी माणसे आहेत, तिने हा पर्याय गांभीर्याने तपासावा. मात्र विक्रीच्या सदनिकांसाठी सोसायटीच प्रवर्तक ठरते, महारेराची नोंदणी व जबाबदारी तिच्यावर येते, आणि बाजार मंदावला तरी कर्जाचे व्याज थांबत नाही. समितीत एकवाक्यता नसेल, तर या वाटेला जाऊ नये.

विकासक निवडायचा असल्यास निविदा जाहीरपणे मागवाव्यात, त्या सदस्यांसमोर उघडाव्यात आणि सल्लागाराने तुलनात्मक तक्ता करून तो प्रत्येक सदस्याला द्यावा. महारेरा या राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर विकासकाचे आधीचे प्रकल्प, त्यांना घेतलेल्या मुदतवाढी आणि दाखल झालेले दावे पाहता येतात. तेवढ्यावर न थांबता त्याने पूर्ण केलेल्या किमान दोन पुनर्विकसित इमारतींत जाऊन तेथील जुन्या सदस्यांना भेटावे. नव्याने घर विकत घेतलेल्यांचा अनुभव वेगळा असू शकतो. भाडे वेळेवर येत होते का, भोगवटा प्रमाणपत्रानंतरच (इमारत राहण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, ओसी) ताबा मिळाला का आणि करारातल्या सोयी प्रत्यक्षात मिळाल्या का, हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. समितीतील कोणाचेही विकासकाशी नाते किंवा व्यवहार नसावा. असल्यास त्याने तो उघड करून प्रक्रियेतून बाजूला व्हावे.

सहावी पायरी : विकास करारनामा

येथे घाई करू नये. मसुदा मराठीत किंवा इंग्रजीत, ज्या भाषेत असेल त्या भाषेत, सर्व सदस्यांना वाचायला किमान काही आठवडे द्यावेत. इंग्रजी मसुदा असेल, तर वकिलाने सभेत प्रत्येक कलम मराठीतून समजावून सांगावे. नोंदणीकृत होणाऱ्या या दस्तात पुढील गोष्टी संदिग्ध राहता कामा नयेत.

सोसायटीने विकासकाला जमीन विकलेली नसून केवळ विकसनाचे हक्क दिलेले आहेत, मालकी सोसायटीचीच राहील, आणि सदस्यांच्या वाट्याच्या सदनिका, वाहनतळ व जमीन विकासकाने कोठेही गहाण ठेवू नये, हे स्पष्ट शब्दांत असावे. कर्जासाठी तो केवळ आपला विक्रीचा भाग तारण देऊ शकतो. ७९(अ) च्या निर्देशात प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमीची तरतूद आहे आणि बांधकाम दोन वर्षांत, अपवादात्मक परिस्थितीत फार तर तीन वर्षांत पूर्ण करण्याची अपेक्षा आहे. बँक हमी देण्याचे विकासक हरप्रकारे टाळतात. तिच्याऐवजी काही विक्रीयोग्य सदनिका राखून ठेवण्याचा पर्याय पुढे करतात. त्या सदनिका तेव्हा हवेत असतात. काम बंद पडले तर त्यांची किंमत काहीच उरत नाही, म्हणून हमीचा आग्रह सोडू नये.

भाड्याची रक्कम, दरवर्षीची वाढ, दलाली, सामान हलवण्याचा खर्च आणि अनामत हे सर्व आकड्यांत असावे. पहिल्या अकरा किंवा बारा महिन्यांचे भाडे घर सोडण्यापूर्वी खात्यात जमा व्हावे आणि पुढचे आगाऊ धनादेश सोसायटीच्या ताब्यात असावेत. मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची, हेही लिहावे; 'सर्व परवानग्या मिळाल्यापासून' असे मोघम शब्द ठेवल्यास मुदत कधी सुरूच होत नाही. 'दैवी आपत्ती' या कलमात बाजारातील मंदी, निधीची चणचण आणि विकासकाच्या चुकीमुळे मिळालेली स्थगिती बसत नाही, असे नमूद करावे. कुलमुखत्यारपत्र मर्यादित कामांपुरतेच द्यावे. आणि विकासकाने काम सोडले, तर किती दिवसांच्या नोटिशीनंतर करार संपेल व सोसायटी भूखंडाचा ताबा घेऊन दुसऱ्याकडून काम पूर्ण करून घेईल, हे पायरीपायरीने लिहिलेले असावे. गोरेगावच्या सिद्धार्थनगरातील, म्हणजे पत्राचाळीतील, ६७२ कुटुंबांच्या पुनर्विकासाचा करार २००८ मध्ये झाला. घरे गेली, पुढे भाडे थांबले, काम अडकले आणि अखेर म्हाडाला प्रकल्प स्वतःकडे घ्यावा लागला. तोवर त्या कुटुंबांतील एक पिढी भाड्याच्या घरांत वाढली होती. करार संपवण्याचे कलम लिहिताना ही कुटुंबे डोळ्यांसमोर ठेवावीत.

प्रत्येक सदस्याशी पर्यायी कायम घराचा स्वतंत्र करार व्हावा, त्याला मजला, क्षेत्र आणि नकाशा जोडलेला असावा. या कराराच्या मुद्रांक शुल्काबाबत मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये सदस्यांना मोठा दिलासा दिला. विकास करारनाम्यावर शुल्क भरलेले असताना सदस्यांच्या पर्यायी घराच्या करारांवर पुन्हा खरेदीप्रमाणे शुल्क मागता येत नाही. सदस्याने पैसे मोजून जादा क्षेत्र विकत घेतले असेल, तर त्या क्षेत्रावर मात्र शुल्क लागते. मिळणारे भाडे व कॉर्पस यांवरील आयकराची बाजू आपल्या सनदी लेखापालाकडून समजून घ्यावी.

सातवी पायरी : परवानग्या आणि घरे रिकामी करणे

विकासक नकाशे सादर करतो, आणि मुंबईत महापालिकेकडून आधी आयओडी, म्हणजे नकाशांची सशर्त मंजुरी, मिळते, जिच्यात पूर्ततेच्या अटींची यादी असते. सादर होणारे नकाशे सोसायटीच्या सल्लागाराने तपासून त्यावर सही केल्याशिवाय जाऊ नयेत. मंजूर नकाशात सदस्यांच्या सदनिकांचे क्षेत्र करारातल्याएवढेच आहे का, हे पाहण्याची शेवटची सोपी संधी हीच.

घरे रिकामी करण्याची नोटीस स्वीकारण्यापूर्वी आयओडी मिळालेली, अधिमूल्याचे व टीडीआरचे आवश्यक हप्ते भरलेले, बँक हमी सोसायटीच्या हाती, भाडे खात्यात आणि सर्व सदस्यांचे स्वतंत्र करार नोंदलेले, अशी स्थिती असली पाहिजे. विकासक म्हणेल की इमारत रिकामी झाली की परवानग्या लवकर मिळतात. त्याला नम्रपणे आणि ठामपणे नकार द्यावा. 'सगळ्यांनी सोडले, तुमच्यामुळे अडले' असा दबाव वृद्ध सदस्यांवर विशेषतः येतो. त्यांच्यासाठी जवळपासच घर शोधून देणे, दवाखाना आणि लिफ्ट यांची सोय पाहणे, हे समितीने आपले कर्तव्य मानावे. ज्यांना दुसऱ्या उपनगरात जावे लागते, त्यांच्या मुलांच्या शाळेचे वर्ष संपल्यावर स्थलांतराची तारीख ठेवता येत असेल, तर तशीच ठेवावी.

एखादा सदस्य अखेरपर्यंत घर सोडत नसेल, तर वैध बहुमताचा निर्णय त्याच्यावर बंधनकारक असतो आणि न्यायालये सामान्यतः पुनर्विकास अडू देत नाहीत. तरीही न्यायालयात जाण्यापूर्वी त्याची अडचण विचारावी. पुष्कळदा ती एखाद्या कर्जाची, भाऊबंदकीची किंवा नव्या घराच्या दिशेची असते आणि बोलून सुटते.

आठवी पायरी : पाडकाम आणि जमिनीखालचे प्रश्न

पाडकामाचा राडारोडा नियमांनुसार ठरलेल्या ठिकाणीच टाकायचा असतो, झाडे तोडण्यास वा हलवण्यास वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, वीज, पाणी, पाइप गॅस यांच्या जोडण्या रीतसर बंद करून थकबाकी नसल्याचे दाखले जपून ठेवावे लागतात. ही कामे विकासकाची. सोसायटीने प्रती मागून घ्याव्यात.

जुन्या बांधकामाच्या जागेवर नवे बांधताना जमिनीच्या पोटात काय आहे, हे मात्र दुर्लक्षून चालत नाही. जुनी विहीर भरून टाकलेली असते, सेप्टिक टाकी किंवा आधीच्या बांधकामाचा पाया तसाच असतो, भरावाची जमीन असते. नव्या इमारतीची उंची जुन्याच्या कितीतरी पट असल्याने माती परीक्षणाचे छिद्र एका कोपऱ्यात न घेता भूखंडभर घ्यावे. भूखंडावर पूर्वी छापखाना, रंगकाम, रसायनांचे गोदाम किंवा कारखाना असेल, तर माती व भूजलाची रासायनिक तपासणीही करून घ्यावी. ठाणे, अंबरनाथ, चिंचवड अशा पट्ट्यांत उद्योग उठून तेथे गृहसंकुले होत असताना घर घेणाऱ्याने हा अहवाल हक्काने मागावा. तळघराच्या खोदकामाने शेजारच्या जुन्या इमारतीला धोका पोहोचू नये म्हणून खोदकामापूर्वी तिच्या भेगांची छायाचित्रांसह नोंद ठेवणे दोन्ही सोसायट्यांच्या हिताचे असते.

नववी पायरी : बांधकामावर देखरेख, ताबा आणि त्यानंतर

बांधकाम चालू असताना सल्लागाराचा मासिक अहवाल प्रत्येक सदस्यापर्यंत पोहोचावा. त्यात काँक्रीटच्या घन चाचण्यांचे निकाल, सळ्यांचे प्रमाणपत्र आणि वेळापत्रकातील प्रगती असावी. समितीने महिन्यातून एकदा ठरलेल्या दिवशी साइटवर जावे, पण कामगारांना परस्पर सूचना देऊ नयेत. जे दिसेल ते सल्लागारामार्फत लेखी कळवावे.

भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय ताबा घेऊ नये. भाड्याच्या घरांना कंटाळलेल्या सदस्यांना किल्ल्या घेण्याची घाई असते, हे अगदी स्वाभाविक आहे, पण ओसीशिवाय राहायला गेलेल्या इमारतींना वर्षानुवर्षे पाण्याची नियमित जोडणी मिळत नाही आणि विकासकावरचा शेवटचा अंकुश निघून जातो. ताब्याच्या वेळी पुन्हा टेप काढावी आणि करारातील क्षेत्राशी घर ताडून पाहावे. सदनिकांचे वाटप सोडतीने ठरले असेल, तर ती सर्वांसमोर काढलेली व इतिवृत्तात नोंदलेली असावी.

नव्या खरेदीदारांना सदस्य करून घेताना जुने आणि नवे असा भेद मनात ठेवू नये. त्यांनी दिलेल्या पैशातूनच इमारत उभी राहिली आहे. लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा, यांत्रिक वाहनतळ यांमुळे मासिक देखभाल शुल्क जुन्या इमारतीच्या अनेकपट होते, मालमत्ता कर वाढतो. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या सदस्यांना हा बोजा झेपावा म्हणून कॉर्पसची रक्कम हाती पडताच वाटून न टाकता तिचा काही भाग मुदत ठेवीत ठेवून व्याज देखभालीकडे वळवण्याचा ठराव करता येतो.

रेरा कायद्यात ताब्यापासून पाच वर्षांपर्यंत संरचनात्मक दोष विकासकाने विनामूल्य दुरुस्त करून देण्याची तरतूद आहे. तीच मुदत जुन्या सदस्यांच्या घरांनाही लागू राहील, असे करारात आधीच लिहून घेतलेले असावे. ताब्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात प्रत्येक मजल्यावरच्या गळतीची व भेगांची तारीखवार नोंद करून ती लेखी पाठवावी. प्रत्यक्ष बांधकामाचे अंतिम नकाशे, संरचनेची आरेखने, पाइप व विजेच्या तारांचे मार्ग, यंत्रांच्या हमीपत्रांच्या मूळ प्रती आणि भोगवटा प्रमाणपत्र हे सर्व विकासकाकडून पोच देऊन ताब्यात घ्यावे, त्यांची एक प्रत सोसायटीच्या कार्यालयात आणि दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी.